बादलीतलं जुनं पाणी

माझं माहेर घिवली, सासर नवापूर, आणि हातपाय झिजले ते बोईसरच्या हॉस्पिटलात. नाव भानुमती, पण वॉर्डात सगळी भानूमावशी बोलतात, तुमी पण तसंच लिहा. आणि काय लिहिलंत ते मला मागून वाचून दाखवा हां, मी कोणावर पटकन विश्वास ठेवत नाय, आधीच सांगून ठेवते. बाप मी लहान असतानाच गेला, आई सदा आजारी, मला वाढवली ती माझ्या दादानं. होडीवरून आला की पयली मला हाक मारायचा, भाने, जेवलीस काय? अजून पण तेच विचारतो. तर दादा म्हंजे माझा बाप समजा, नाय तर पुढचं मी काय सांगते ते तुमाला कळायचं नाय.

लग्न होऊन नवापूरला आले तर सासूनं पयल्या दिवशी मासळी खारवायला बसवली. तिचं मोठं पिंप होतं. मासळीला मीठ लावून त्यात रचायची, मग तिला पाणी सुटतं, आणि ते पाणी सासू कधी फेकून द्यायची नाय. मासळी काढली की त्याच पाण्यात मूठभर मीठ टाकायचं आणि दुसरी मासळी भरायची. मी एकदा पिंप उपडं करून घासून ठेवलं तर अख्ख्या आळीत माझी शोभा केली तिनं. बोलली, जुनं पाणी कडक असतं, नव्या पाण्यात दम नसतो, तुझ्या आईनं कायच शिकवलं नाय काय तुला. हे पिंपाचं लक्षात ठेवा, मी परत येणार हाय त्याच्यावर.

पुढं मासळी कमी झाली, नवऱ्याचं होडीवर भागेना, तेव्हा मी बोईसरला हॉस्पिटलात लागले, मावशी म्हणून. बेडपॅन, लादी, पलंग पुसायचे, पेशंटला एक्सरेला न्यायचं, सगळं. अकरा वर्सं झाली. माझ्या वॉर्डात कोणी नाक मुरडलेलं मला आठवत नाय. सिस्टर बोलायच्या, भानूमावशीच्या पलंगाच्या दांड्यात तोंड बघून घ्या.

आणि मग ती डॉक्टरीणबाई आली. लहानखुरी, चष्मा, आवाज एकदम गोड. गोड आवाजाचा मला आधीच संशय येतो. सिस्टर बोलल्या की हॉस्पिटलात आल्यावर पेशंटला जे नवीन इन्फेक्शन होतं, घरून आणलेलं नाय, इथंच लागलेलं, त्याच्यावर ती अभ्यास करणार हाय, ते कसं थांबवायचं म्हणून. मी बोलले, म्हंजे आमी घाण ठेवतो असंच ना? ती कोपऱ्यात वही घेऊन उभी राहायची आणि कोण हात धुतं, कोण नाय धुवत, ते लिहायची. मोठे डॉक्टर आले की तिला बघून ते पण हाताला औषध चोळायला लागले. आमचा सुपरवायझर यूपीचा, तो मला बाजूला घेऊन बोलला, मौसी, संभलके, ये लोग नौकरी खाने आए हैं। झालं, माझी झोपच उडाली.

त्याच दिवसांत दादाला आणला. आतड्याला पीळ पडला होता, पोट फाडायला लागलं. ऑपरेशन चांगलं झालं, आणि तो माझ्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या पलंगावर. मला वाटलं, बरं झालं, माझ्या नजरेखाली राहील. डॉक्टरीणबाईनं त्याच्याकडून कागदावर सही घेतली. मी विचारलं, कसली सही? ती बोलली, मावशी, आमी यांना कसलं औषध देणार नाय, नुसता जखमेवर बोळा फिरवून तपासायला नेणार. नुसता बोळा न्यायला सही कशाला लागते, तुमीच सांगा.

आणि मग मी बघितलं. सकाळी अकराच्या सुमारास माझी पुसापुशी झाल्यावर ती बाई आली, इकडं तिकडं बघितलं, खिशातून बारीक डबी काढली, कान साफ करायच्या काडीनं पलंगाच्या दांड्यावर कायतरी लावलं, सलाईनच्या स्टँडला लावलं, बेलच्या बटणाला, लॉकरच्या मुठीला. मी पडद्याआड होते. जवळ जाऊन बघते तर सुकल्यावर कायच दिसेना. माझ्या अंगावर काटा आला. मी मनात बोलले, हे जंतू लावतायत, माझ्या वॉर्डात माणसं आजारी पाडणार, मग माझ्यावर ढकलणार आणि दुसरी माणसं आणणार. तुमी हसा, पण तुमी माझ्या जागी असतात तर काय समजल्या असतात?

मग मी काय केलं, ती जिथं जिथं काडी लावेल तिथं तिथं तिच्या मागून जाऊन पुसायचं. रोज. आणि दादाचा पलंग तर दिवसातून पाच पाच वेळा, दांडा, गादीची कड, लॉकर, त्याची पाण्याची बाटली सुद्धा. दादाला कानात सांगून ठेवलं, हे लोक कायतरी लावतात रे, तू कोणाला जखमेला हात लावू देऊ नको. दादा माझं ऐकतो. त्यानं दोन दिवस ड्रेसिंग करूनच घेतलं नाय, सिस्टरला बोलला, भानी असेल तेव्हाच या.

पाचव्या दिवशी त्याला ताप भरला. टाके लाल झाले, मग पू आला. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याचं पण तसंच. वहिनी रडायला लागली आणि मी तिला बोलले, उचल याला, घरी ने, इथं मारून टाकतील. रिक्षा पण सांगितली होती हो. काय सांगू तुमाला, रिक्षावाला आलाच नाय म्हणून माझा भाऊ आज जिवंत हाय, एवढंच.

त्याच दुपारी डॉक्टरीणबाईनं मला बोलावलं. मी मनात बोलले, आली वेळ. ती बोलली, मावशी, अख्ख्या हॉस्पिटलात आमचे ठिपके अर्धे सुद्धा पुसलेले नसतात, आणि तुमच्या वॉर्डात एक पण शिल्लक नसतो, कसं काय? मी बोलले, कसले ठिपके? तेव्हा तिनं निळी बॅटरी काढली, हातावर ती डबीतली जेली लावली, वर उजेड पाडला तर चमचम चमकली. जंतूबिंतू कायच नाय त्यात. पुसणाऱ्यानं कुठं पुसलं आणि कुठं सोडलं ते बघायची युक्ती. मी तिला तोंडावर सांगितलं, बाई, मी तुमच्या पाळतीवर होते. ती हसली. आणि हसता हसता एकदम थांबली. बोलली, सगळं पुसताय, आणि तरी तुमच्याच वॉर्डात जखमा बिघडतायत. मावशी, पुसता कशानं ते दाखवता काय?

मी अभिमानानं नेली तिला मोरीत. माझी निळी बादली, त्यात जंतुनाशकाचं पाणी, त्यात फडकं. ती बोलली, हे पाणी रोज कधी ओतून देता? मी बोलले, ओतून? मी काय येडी हाय? कमी झालं की नळाचं पाणी घालायचं, वर दोन झाकणं औषध. जुनं पाणी कडक असतं बाई, नव्यात दम नसतो. फडकं पण त्यातच मुरत ठेवते.

तिनं खिशातून बाटली काढली. बाटलीत ते पाणी घेतलं, फडक्याचा तुकडा घेतला, गेली.

दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आला. बादलीतले जंतू, शेजारच्या म्हाताऱ्याच्या जखमेतले आणि दादाच्या पोटातले, एकच. खारात मासळी टिकते, पण त्या औषधाचा जोर दिवसादोन दिवसात उतरतो, आणि मग त्याच पाण्यात जंतू वाढतात, त्यांना तिथं बरंच वाटतं, असं ती समजावून बोलली. मी पयलं बोलले, खोटं हाय. दुसऱ्यांदा पण बोलले. मग मोरीत जाऊन बसले. सगळ्या हॉस्पिटलचा संशय घेतला मी, गोड आवाजाचा घेतला, काडीचा घेतला, सहीच्या कागदाचा घेतला, आणि हातातल्या फडक्याचा घेतला नाय. सगळ्यात जास्त फडकं मी कोणाच्या पलंगावर फिरवलं? माझ्या दादाच्या.

रिपोर्टामुळं औषध बदललं, आणि दादा वाचला. शेजारचा म्हातारा पण घरी गेला, पण उशिरा. सुपरवायझर मला काढायला निघाला होता, जो मला संभलके सांगायचा तोच बरं का. डॉक्टरीणबाई त्याला बोलली, पाणी रोज बदलायचं हे यांना अकरा वर्सांत कोणी सांगितलं? आठवड्याला औषधाचा एकच कॅन कोण देत होतं? माझी नोकरी राहिली. अभ्यासाचं छापून आलं त्यात माझं नाव नाय, एक वॉर्ड, एक बादली, एवढंच हाय. इंग्लिशमध्ये हाय ते, मी आळीतल्या दोन शिकलेल्या पोरींकडून वेगवेगळं वाचून घेतलं, एकमेकींना न सांगता. दोघींनी सारखंच वाचलं, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

आता माझी बादली रोज ओतते, घासते, उन्हात उपडी घालते. सुकी फडकी मोजून येतात, एका पलंगाला एक. नवीन मावश्या आल्या की मीच शिकवते, आणि पिंपाची गोष्ट सांगते, त्या हसतात. अजून पण मी कोणावर पटकन विश्वास ठेवत नाय. फक्त आता सुरुवात माझ्यापासून करते.

पण एक राहिलंच की. दादाला साखर हाय. गेल्या महिन्यात खडकावर कालवाच्या शिंपल्याची धार लागून त्याचा पाय कापला, जखम भरत नाय. मी बोलले, हॉस्पिटलात चल. तो बोलला, नाय, तिकडं कायतरी लावतात, तूच बोलली होतीस. मी त्याला सगळं खरं सांगितलं, बादली, फडकं, रिपोर्ट, पाया पडून सांगितलं, अरे दादा, ते लावत नवते, मी लावत होते. तो माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोलला, भाने, तुझ्या डोक्यात भरवलंय हे त्यांनी, नोकरी टिकावी म्हणून तू बोलतेस. जेवलीस काय?

त्याच्या पोटातला पू बाहेर आला, पण मी त्याच्या कानात घातलेलं ते बोलणं काय बाहेर येत नाय. डॉक्टरीणबाईला फोन केला होता, ती बोलली, आणा लवकर, उशीर करू नका. तुमी शिकलेल्या माणसासारख्या दिसता, तुमी बोलून बघाल काय त्याच्याशी? तुमचं भलं होईल. नाय ऐकलं तरी वाईट वाटून घेऊ नका.

तोवर मी सुट्टीच्या दिवशी घिवलीला जाते. साबणानं हात धुते, कोपरापर्यंत, वाऱ्यावर सुकवते, मग नवीन पट्टी काढते. सिस्टर नको, डॉक्टर नको, वहिनीला सुद्धा तो हात लावू देत नाय. माझी वाट बघत बसतो ओट्यावर, आणि मी आले की पाय पुढं करतो. अख्ख्या दुनियेत त्याला एकच हात चालतो, हा माझा.