एका माणसाचं टेबल

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी आज हा हॉल भरला आहे त्या आपल्या डॉक्टरबाई, त्यांच्या घरची मंडळी, आणि आपापली मान, पाठ, कंबर सांभाळत समोर बसलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी भाषणं करणारी बाई नाही. मी कोपऱ्यावरची लाँड्रीवाली. व्यासपीठावर जे कोट दिसताहेत त्यांतले निम्मे माझ्या इस्त्रीखालून गेलेत, त्यामुळे मान्यवरांची मला तशी भीती वाटत नाही. बाईंच्या विद्वत्तेबद्दल आधीचे वक्ते बोलले. मला बोलता येण्यासारखा एकच विषय आहे, तो म्हणजे माझा उजवा खांदा.

आमचे हे गेले, त्याच वर्षी तो धरला. दिवसभर हातात जड इस्त्री, खांदा दुखणार नाही तर काय होणार, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. पण पुढे पुढे केस विंचरता येईनात. वरच्या फळीवरचा गठ्ठा काढता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, काही मोडलेलं नाही म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, दुखणं संपलं नाही. शेवटी त्यांनी हात वर केले. माझा मात्र होईना.

तेव्हा माझे दीर आले. म्हणाले, "वहिनी, आता पुरे झालं. दुकान देऊन टाका कोणाला तरी आणि आमच्याकडे चला. वरची खोली रिकामीच आहे."

"वरच्या खोलीत मी करू काय, भावजी?"

"आराम करा."

"आराम केला की मला सगळं आठवतं."

भावजी, तुम्ही दुसऱ्या रांगेत बसलाय, मला दिसतंय. तुमचं मन चांगलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते दुकान आम्ही दोघांनी उभं केलेलं. ते दुसऱ्याच्या हातात गेलं असतं तर मी रोज सकाळी उठून कुठे गेले असते? दुकान सोडायचं नव्हतं आणि हात साथ देत नव्हता. असा सगळा पेच होता.

आमच्या शेजारी चपला शिवणारे काका बसतात. त्यांनी सांगितलं, "त्या कडकडवाल्या बाईंकडे जा. माझी मान त्यांनीच सरळ केली."

मी म्हटलं, "आणि माझी मोडली तर?"

"तर घेऊन या इकडे. मी टाके घालून देतो."

कायरोप्रॅक्टर, म्हणजे नुसत्या हातांनी मणके आणि सांधे मोकळे करणारा डॉक्टर, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. माझी शाळा लवकर सुटली, म्हणून वाचायची सवय लागली. वाचनालयातून सांध्यांवरचं पुस्तक आणलं. त्यात होतं की खांद्याचा सांधा फार उथळ असतो, बशीत चेंडू ठेवावा तसा. म्हणून हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच चटकन बिघडतो. वाचून धीर येईल असं वाटलं होतं. उलट जास्तच घाबरले.

बाईंनी आधी एक्स-रे नीट पाहिला. मग मान, पाठीचा वरचा भाग, खांद्याचं पातं चाचपलं. हात कुठवर जातो आणि कुठे अडतो ते पाहिलं. मी डोळे मिटून तयार. म्हटलं, "बाई, कधी मोडणार?"

"आज काही मोडायचं नाही. टेबलावर झोपा बघू."

"कशी?"

"घरी झोपता तशी."

तुमच्यापैकी बहुतेकांना ते टेबल ठाऊक आहे. एका माणसापुरतं, त्यातही माणूस बारीक हवा. मी चढले, उजव्या कुशीवर वळले आणि डोळे मिटले. तेवढ्यात बाईंनी मला दंडाला धरलं. "अहो ताई, पडाल!"

बघते तर काय, मी पार डाव्या कडेला. पाठ टेबलाबाहेर, आणि समोरचं अर्धं टेबल मोकळं.

"ही एवढी जागा कोणासाठी ठेवलीत?"

"यांची आहे," मी म्हटलं. तोंडातून गेलंच.

वाईट वाटलं वगैरे बाई काही बोलल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "घोरायचे का हो?"

"इंजिन होतं, इंजिन!"

"मग तुम्ही काय करायचात?"

"पाठ फिरवायची. दुसरं काय करणार?"

"आणि आता?"

आता कोण घोरतंय? आता मला पाठ फिरवायला लावणारं कोणी नव्हतं. रात्रभर त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून मी उजवा खांदा दाबून पडत होते, आणि दिवसा त्याच खांद्याने इस्त्री ओढत होते. त्याला विसावा कधी मिळणार? बाईंनी हे मला साध्या शब्दांत समजावलं. म्हणाल्या, "मधोमध झोपत जा. पाठीवर."

"ते जमायचं नाही."

"का?"

"मधोमध झोपलं की दोघांचीही जागा जाते."

दुसऱ्या कोणी मला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या असत्या. बाईंनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, "बरं, मग त्यांच्या जागेवर तुम्ही झोपा. तुमची मोकळी ठेवा. तोंड तिकडेच करा. तुमचा डावा खांदा चांगला आहे, तो सोसेल."

इतका साधा उपाय. बाकीचे उपचार पुष्कळ दिवस चालले. मान, पाठ, पातं हळूहळू मोकळं केलं. घरचा व्यायाम म्हणून भिंतीवर बोटं चढवत न्यायची. दुकानात करायचे तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, "काकू, भिंतीवर काय शोधताय?" मी म्हणायचे, "हात." मी बरं करते, असं बाई कधीच म्हणाल्या नाहीत. निम्मं मी, निम्मं तुमची भिंत आणि तुमची गादी, असा त्यांचा हिशेब. आज हात वरच्या फळीपर्यंत जातो. पाठीमागे अजून पुरता जात नाही, उगाच खोटं कशाला सांगू? पण दुकान माझ्याकडे आहे.

त्यांच्या जागेवर पहिल्यांदा झोपले तेव्हा खांदा सोडून बाकी सगळं दुखलं. मग एकदा डाव्या कुशीवर पडल्या पडल्या लक्षात आलं, की समोर दिसतेय ती माझी जागा आहे. मी आधी गेले असते तर त्यांना रोज हेच बघावं लागलं असतं. त्यांना काही ते झेपलं नसतं, मी ओळखते ना त्यांना. ते त्यांच्या वाट्याला आलं नाही, माझ्या आलं. एवढं मनाशी पटलं, आणि मला झोप लागली.

बाई, तुम्ही आता काम थांबवताय. तुमच्या खोलीत नवे डॉक्टर येतील, त्यांनाही आम्ही त्रास देऊच. पण मोकळ्या जागेचं कारण विचारायला तुम्हीच लागलात, हे मला सगळ्यांसमोर सांगायचं होतं. तुमचे मनापासून आभार. मला इथे उभं करणाऱ्या मंडळींचे आभार, आणि मघापासून घड्याळाकडे बघूनही मला न थांबवणाऱ्या अध्यक्षांचेही आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, घरातलं नको तेवढं चव्हाट्यावर आलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

दुकान उद्या सकाळी नेहमीसारखं उघडं आहे.