पांढरे मोजे

आमच्या क्लीनिंग कंपनीची पहिली वेबसाइट लेकीनं बनवली, ती गंमत तुम्हाला सांगितलीच नाही ना? तिनं त्यावर कुठल्यातरी काचेच्या चकाचक ऑफिसचा फोटो टाकला. आमचं ऑफिस म्हणजे इथे आखातात, अल कुसैसमधली एक खोली, बादल्या-मॉपसकट! मी ओरडले, तर म्हणते, "रिलॅक्स आई, नोबडी विल कम."

आणि आला ना! एका मोठ्या क्लिनिकचा लेबनीज मॅनेजर, सुटाबुटात. हे काम मिळालं नाही तर आम्ही गाशा गुंडाळून पुण्याला परतणार होतो. आणि मी घाबरून, घरच्या सवयीनं, दारातच म्हटलं, "शूज आउटसाइड, प्लीज!" आमच्या यांनी कपाळाला हात लावला.

तो बिचारा बूट काढून पांढऱ्या मोज्यांवर खोलीभर फिरला. मग मोडक्या हिंदीत म्हणाला, "मॅडम, वेबसाइटवाला ऑफिस किधर?"

"यही है," मी म्हटलं. "फोटो झूठा है."

तो खुर्चीत बसला, पाय उचलून मोज्यांचे तळवे बघितले. पांढरेशुभ्र!

"खलास, बात पक्की. शनिवारसे काम शुरू," तो म्हणाला आणि पाय माझ्यासमोर धरला. "और वेबसाइट पे इसका फोटो डालो."