पाचवा कौल

अगं, मला एमबीएसाठी पुण्याला पाठवायचं की हातकणंगल्याचं स्थळ बघायचं, हे बाबांनी चक्क देवाच्या कौलावर सोडलं होतं. मी चिडून शक्यतेची गणितं सोडवत बसले होते. तेवढ्यात बाबांची बहीण, आमची आत्ती, कौल लावून देवळातून आली.

"पाचव्यांदा लावला, तवा उजवं फूल पडलं. होकार हाय देवाचा."

मला वाटलं, लग्नच ठरलं. "मनासारखं येईस्तोवर लावायचा व्हय? पाचदा नाणं उडवलं तर एकदा तरी छापा पडायची शक्यता बत्तिसात एकतीस. फसवणूक हाय ही, आत्ती. पहिलाच कौल धरायचा."

"पहिले चारी डावे पडले. पोरगीला पुण्याला धाडू नका म्हणून," आत्ती शांतपणे म्हणाली. "तुझ्या बाला पहिलाच सांगू?"

मी गणिताची वही मिटली.

"आत्ती," मी म्हणाले, "चहा टाकू?"