ओटा यादीत नाही

सभेचे अध्यक्ष माननीय शेषरावजी, बंदर प्राधिकरणाच्या अधिकारी माननीय प्रणाली मॅडम, आजचे सत्कारमूर्ती महादेवराव, आणि हातातली कामं टाकून मूर्तिजापूरला आलेल्या बंधू-भगिनींनो,

समुद्र इथून सहाशे किलोमीटरवर, आणि आपल्या दारात बंदर? काही जण अजून हसतात. हसू नका. संत्र्याचा कंटेनर इथेच सील होऊन रेल्वेने जहाजापर्यंत जाणार आहे. त्यासाठी आपल्या फळ उत्पादक संस्थेने जागा, गोदाम आणि राखीव निधी प्राधिकरणाकडे सोपवला. ठरावाला मीही हात वर केला होता. आजही करीन.

एकतीस वर्षं सचिव असलेल्या महादेवरावांनी हस्तांतराची यादी स्वतः लिहिली. वजनकाटा, विहीर, पंखे, अगदी तुटकी शिडीसुद्धा. राहिला तो दारातला ओटा. तिथे बसून पार्बताबाई आणि आणखी अकरा जणी संत्री निवडतात. सासूची जागा सुनेला, अशी ती चालत आली. यादीत ओटा नाही, म्हणून प्राधिकरणाच्या नकाशातही नाही. सोमवारी तो फोडून तिथून ट्रकचा रस्ता निघणार आहे.

परवा पार्बताबाई सचिवांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"काहून जी भाऊ, तुटकी शिडी दिसली, आमी बारा जणी नाही दिसलो काय?"

"बाई, संस्थेचं होतं ते लिवलं. ओटा तुमचा. दुसऱ्याचं मी कसं देऊन टाकू?"

"मंग आमचा हाय, असं तरी लिवाचं होतं."

महादेवरावांनी कोरा कागद पुढे ओढला. मी शेजारीच बसलो होतो. माणसाने सरळ वागावं आणि त्यापायी बारा घरांचं काम जावं, हा कुठला न्याय?

त्यांनी तिथल्या तिथे पुरवणी यादी लिहिली. एकच ओळ: दारातला ओटा, निवडणाऱ्या बारा बायांच्या बसण्याच्या हक्कासह. खाली त्यांची सही आहे. मॅडम, मूळ यादीवर प्राधिकरणातर्फे तुमची सही होती, पुरवणीवरही तुमचीच लागते. आज तुम्ही पाहुण्या आहात आणि कार्यक्रमपत्रिकेत हे काम नाही, याची मला जाणीव आहे. पण महादेवरावांची शाल अजून घडीतच आहे, तुम्ही पाहिलंच असेल. "अगोदर सही होऊ द्या, मंग पांघरतो," एवढंच ते म्हणाले.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. पाहुण्यांचा मान राखण्यात मी कुठे कमी पडलो असेन, तर तो दोष माझा, संस्थेचा नव्हे; पोटात घाला. कागद फुलांच्या ताटाखाली ठेवला आहे.

पार्बताबाई, वर या. मॅडमना तुमच्या हाताने पेन द्या.