दारात आलेले दोन बातमीदार

बार्न्सलीच्या बसथांब्यावर रोझलिन शाळेतल्या वह्यांचा गठ्ठा सांभाळत रांगेत उभी होती. तिच्या पुढे दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“ग्लेनिस, तुझ्या भावाची बस ब्रेक निकामी होऊनच उलटली ना? मग पेपरात ‘झिंगलेला ड्रायव्हर’ कसं आलं?”

“माझ्यामुळे. त्या मोठ्ठ्या मथळ्यांच्या छोट्या पेपरचा माणूस दारात आला आणि माझ्याबरोबर रडला. मी त्याला चहा दिला, विल्फचा फोटोही दिला.”

“कुठला फोटो?”

“माझ्या लेकीच्या लग्नातला. हातात ग्लास असलेला.”

“अगं बाई. आणि मोठ्या पेपरचं कोणी आलंच नाही?”

“आला होता एक. हसणं नाही, बोलणं नाही. ब्रेक कोणी तपासले, कधी तपासले, नुसत्या तारखा विचारत राहिला. म्हटलं, काळीज आहे का दगड मेल्याचं? दार लावून घेतलं मी.”

“विल्फ चिडला असेल तुझ्यावर.”

“चिडला असता तर बरं झालं असतं गं. तीस वर्षं तो तोच छोटा पेपर वाचतोय. आता म्हणतो, त्यात आलंय म्हणजे मी खरंच प्यायलो असेन.”