सतारीची घोडी

नाही मास्तर, टाका हिचा नाद. मी खोटं सांगत नाही — सांगतच नाही, हे तुम्हाला हिंदमात्याच्या शामरावांनी बोलून दाखवलंच असेल, त्याशिवाय का दादरहून एवढं ओझं बगलेत मारून फणसवाडीत आलात — पण ही गिटार म्हणजे नुसतं लाकूड आहे. मान वाकलीय. अशी डोळ्यासमोर धरून बघा. दिसत नाही? तुम्हाला नाही दिसायची, त्याला नजर लागते. पाठीला ओल खाल्लीय. आणि तो सूर मागे झणझणतो ना — तुम्ही म्हणता वाजवून थांबलं तरी आत कुणीतरी गुणगुणत राहतं — तो दोषच. दुसरं काय असणार? अहो वाजवू नका, वाजवू नका. हात ठेवा तारांवर. हां, असा. वर आमची खोली आहे, मंडळी मशीनवर शिवत बसलीय. ऐकू येतंय ना, खटखट? ती चालू आहे तोवर बरं. तर मी काय म्हणतो, ही ठेवून जा इथेच. तुमच्या पोरीला शिकायचीच आहे तर मी दुसरी बघून देतो, धडधाकट. ही माझ्याकडे पडून राहील कोपऱ्यात.

बसा हो, उभे का? त्या स्टुलाचा पाय डुगडुगतो, भिंतीला टेकवून बसा. चहा सांगू? नको तर नको. काय विचारलंत — फसवलं का मला? चोरबाजारातल्या त्या माणसाने फसवलं का? आता ते मी कसं सांगू, मी काय त्याच्या पोटात शिरून बघितलंय? पण एक सांगतो, जुनं वाद्य घ्यायचं तर आधी वाद्य बघू नये, माणूस बघावा. विकणाऱ्याला विचारावं, बाबा, हे कुणाच्या हातातलं? जो म्हणतो एका मोठ्या उस्तादाचं, त्याला रामराम ठोकावा. जो म्हणतो कोण जाणे, त्यालाही. जो सांगतो की अमक्या वाडीतल्या अमक्या बाईच्या नवऱ्याचं, तो गेला, आणि याची खुंटी सैल आहे, पावसात सूर उतरतो — तिथे बसावं. खोट न विचारता सांगतो तो दुकानदार. आणि आल्या आल्या जो तुमच्या वस्तूला नावं ठेवायला लागतो, मान वाकडी, पाठ ओली, इथेच टाकून जा म्हणतो, त्याच्यापासून तर चार हात — 

असं बघू नका माझ्याकडे.

कळलं मला काय बोललो ते. बाहेर आवाज केवढा चाललाय, माणसाचं डोकं जागेवर राहतं होय? चौपाटीवर सभा आहे ना आज समितीची, सकाळपासून पोरं घोषणा देत फिरतायत. मुंबई मिळायची तेव्हा मिळेल, आमच्या गल्लीला झोप मिळत नाही. काय? हाक? तेही सांगितलं का शामरावांनी? गप्प राहवत नाही त्या माणसाला. हो, आहे तशी रीत आमच्याकडे. वडिलांपासूनची, ते सावंतवाडीकडचे, सतारी आणि तंबोरे करायचे. वाद्य गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी त्याच्या पोटात हाक मारायची. तोंड असं तुंब्यापाशी न्यायचं, गिटार असली तर भोकापाशी, आणि आपल्या घरातल्या माणसाचं नाव घ्यायचं, मोकळ्या गळ्याने. आत कुठे तडा असला, सांधा सुटला असला, कुणी ठिगळ मारून वर रंग फासला असला की उत्तर फाटकं येतं. धड असलं तर नाव जसंच्या तसं परत येतं, जरा जाड होऊन. आणि एकदा का घरातलं नाव आत गेलं की ते वाद्य त्या घराचं. मग मी त्याला हात लावत नाही, कुणी सोनं दिलं तरी परत घेत नाही. वडील म्हणायचे, नाव घातलेली वस्तू आणि दिलेली लेक, दोन्ही परत मागू नयेत. पण आज नको हाक. या गलक्यात काय ऐकू येणार? आणि हिला कशाला मारायची, हिच्यात काय आहे? खाली बुडाशी टवका उडालाय नखाएवढा, तो तेवढा मेण लावून — 

काय झालं? कुठला टवका? तो काय तिथे, पट्ट्याच्या गुंडीखाली. सोडवा पट्टा. बघा, आहे का नाही?

हो. बरोबर आहे तुमचं. पट्टा लावलेलाच होता. मी सोडवला नव्हता.

जिन्याच्या कठड्याला आपटली होती ती. दहीहंडीच्या दिवशी. माझ्या पोराची आहे मास्तर ही गिटार. जगदीशची. तुम्ही दारातून आत येताना नुसती तिची मुंडी दिसली पिशवीतून आणि मला कळलं. म्हणून मी तुमच्याशी खोटं बोललो. या दुकानात बसून बोललो, वडिलांच्या तसबिरीखाली.

आता विचारताच आहात तर ऐका, पण हळू. वरती ऐकू जाता कामा नये. आमचं घराणं सतारीचं, आणि हा कुठून तरी धोबीतलावच्या एका गोव्याच्या वाजवणाऱ्याकडून ही घेऊन आला. जुनीच होती तेव्हाही. मी म्हटलं, हे फिरंगी खोकं माझ्या दुकानात नको. आठवडाभर बोललो नाही त्याच्याशी. मग एक दिवस हिची घोडी तुटली — हे बघा, ही पट्टी, हिच्यावरून तारा जातात. गोव्याच्या मास्तरकडे पोराला जायचं होतं आणि चेहरा एवढासा झाला होता. म्हटलं, आण इकडे. आता मला काय माहीत गिटारची घोडी कशी असते? जन्मभर सतारी केल्या. मी बारशिंग्याचं शिंग घेतलं, माथा जरा चपटा ठेवला, घासून घासून जवारी काढली — म्हणजे तार त्या माथ्यावर अलगद लोळली पाहिजे, मग सूर संपत नाही, मागे रेंगाळतो. सतारीला तेच तर हवं असतं. गिटारला ते चालत नाही. गिटारचा सूर स्वच्छ, तुटक लागतो. मी आपला बसवून मोकळा, वर हिला तेल लावून पुसली. गोव्याचा मास्तर म्हणे पोट धरून हसला. कुणी केलं हे, मच्छर पाळलेत का आत? मी म्हटलं, दे, काढून टाकतो, दुसरी करतो. तर जगदीश काय म्हणाला ठाऊक आहे? राहू दे बाबा, म्हणाला, आता कुठे ही आपल्या घरात बोलायला लागलीय.

तेव्हा तो झणझणाट म्हणजे दोष नव्हे. म्हणजे दोषच आहे, पण माझ्या हातचा आहे. जगाच्या पाठीवर सतारीची घोडी बसवलेली गिटार दुसरी नसेल, एवढा शहाणा दुसरा कोण असणार?

मग तो संयुक्त महाराष्ट्राच्या कलापथकात जायला लागला. काळाचौकीला, लालबागला, नाक्यानाक्यावर. डफ, तुणतुणं, आणि मध्ये हा ही घेऊन उभा. लोक आधी हसायचे, मग म्हणायचे, त्या झणझण्याला आणा. त्या जानेवारीत, मुंबई तोडणार म्हणून रेडिओवर आलं आणि सगळं गिरगाव रस्त्यावर उतरलं, तेव्हाही हा निघाला. मी म्हटलं, दंगल आहे बाहेर, गिटार कशाला? तर म्हणाला, हात रिकामे असले की पोरं दगड उचलतात. बरोबर बोलला होता. हात भरलेले होते त्याचे, तरी गोळी लागलीच. ठाकुरद्वारच्या नाक्यावरून पोरांनी त्याला उचलून आणला — चपला होत्या, घड्याळ होतं, खिशातला रुमाल होता. ही नव्हती. कुणी नेली, कुठे पडली, कोण जाणे. तेव्हापासून मी दुकानात येईल त्या गिटारला हात लावून बघतोय. लोक म्हणतात, सीताराम मिस्त्री प्रामाणिक, कुणाच्या हातातलं वाद्य हे कळल्याशिवाय विकत घेत नाही. प्रामाणिक कसला बोडक्याचा. मी हिला शोधत होतो. त्यात नाव झालं.

नाही, नाही मास्तर. पुढे करू नका. तुम्ही द्याल हे मला मघाशीच तुमच्या तोंडावर दिसलं, मास्तर माणूस तुम्ही. पण मला घ्यायची नाही. मघाशी हवी होती, हो, एवढी हवी होती की जीभ विकायला निघालो. आता बोलता बोलता लक्षात आलं. जगदीशचा सदरा आला ना धोब्याकडून परत, धुऊन, तर त्याची आई तो पाटावर ठेवायची. समोर ताट वाढायची. भात, आमटी, वर लिंबाची फोड, त्याला लागायची ती. मी काही बोललो की म्हणायची, हळू, तो जेवतोय. किती दिवस चाललं ते सांगत नाही तुम्हाला. शेवटी तिच्या भावाने सदरा नेला आणि मशीन आणून दिलं, तेव्हा कुठे ती माणसांत आली. अजूनही मशीन थांबलं की मी हातातलं काम टाकून जिन्याकडे बघतो. रात्री जेवताना रोज एकच विचारते — मिळाली का? मी म्हणतो, नाही. आणि खरं सांगू, ते खरं असतं म्हणून मला जेवण जातं. ही घरात आली तर ती सदऱ्यासारखी गप्प बसणार आहे थोडीच? ही बोलते. थांबवली तरी बोलते.

तेव्हा आता नीट ऐका, हे दुकानदार म्हणून सांगतोय. मान सरळ आहे. ओल कुठेही नाही. खुंट्या घट्ट आहेत, एक मधली तेवढी कोरड्या हवेत सरकते, तिला खडू लावायचा. चोरबाजारवाल्याने फसवलं नाही तुम्हाला, उलट त्याला कळलंच नाही हातात काय होतं. घोडी बदलू नका. कुणी कितीही हसो. 

हाक हवी ना? मारा, तुम्हीच मारा. मी नाही मारणार. माझ्या तोंडून कुठलं नाव निघेल ते तुम्हाला माहीत आहे, आणि मग रीतीप्रमाणे ती माझ्या घराची झाली. तुमच्या पोरीचं नाव काय? बकुळा. छान आहे. वाका असे, भोकापाशी. लाजू नका, वर्गात ओरडता तसं. बाहेरच्या घोषणा जरा पुढे जाऊ देत. हां. आता.

ऐकलंत?

सगळं आलं परत. बकुळा. काही फाटलं नाही, काही खडखडलं नाही. आणि मागून ते — ऐका, अजून आहे — अजून आहे — तारांनी धरून ठेवलंय बघा नाव. मी केलेली जवारी. झाली तुमची. उचला आता, पिशवीत घाला, पोरीला म्हणावं रोज — 

थांबा.

मशीन थांबलं.

नाही, दोरा तुटला असेल, दोरा तुटला की थांबते ती, ओवते आणि परत — नाही. खुर्ची सरकली. मास्तर, उठा. पट्टा राहू द्या, तसाच कोंबा. पुढच्या दाराने नको, जिना तिथेच उतरतो, इकडून या, मोरीशेजारून, मागच्या गल्लीत निघतं. हात ठेवा तारांवर, हात ठेवा, चालताना वाजेल. पुन्हा येऊ नका या दुकानात. काही बिघडलं तर दुसऱ्या कुणाला दाखवा, मी तुम्हाला ओळखत नाही. जा. जा म्हणतो ना.

अगं तू कशाला उतरलीस, गुडघे दुखतात ना तुझे? कोणी नाही. एक मास्तर आले होते दादरचे, गेले आत्ताच. सतार होती. जुनी सतार होती गं कुणाची तरी.