चांदीवरचा काळा थर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, मोठ्या सिस्टरबाई आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझं शिक्षण सातवीपर्यंत. शब्द मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

आत्ता मला निरोप देताना अध्यक्षसाहेब म्हणाले, एकतीस वर्षांत काकांच्या हातून एक चूक झाली नाही. साहेबांचा मोठेपणा. पण ऐकताना मी खाली बघत होतो.

हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढताना छातीला चांदीच्या चकत्या लावतात, त्या तयार करणं माझं काम. नुसती लखलखीत चांदी कामाची नाही. मिठाच्या पाण्यात ठेवून तिच्यात थोडी वीज सोडली, की काळपट थर चढतो. त्यानेच पट्टीवरची रेघ स्थिर राहते. हे मला पट्टी काढणाऱ्या ताईंनी शिकवलं. म्हणायच्या, "काका, घासू नका हं. ही काही काकूंची चांदीची वाटी नाही."

नऊ वर्षांपूर्वी तपासणी आली. वरच्या साहेबांनी ट्रे पाहून विचारलं, "हा मळ कसला?" ताई वॉर्डात होत्या. मोठ्या माणसांपुढे माझी बोबडी वळते. मी सगळ्या चकत्या पावडरीने घासल्या. वर छातीला चिकटवायचं मलम भरून ठेवल्या, म्हणून ताईंना खालची चांदी दिसली नाही.

दुपारी एक शिंपी आले. छातीत दुखत होतं. रेघ नुसती तरंगत राहिली. ताईंनी तीनदा काढली.

"काका, चकत्या ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत," मी म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, पेशंट हलतोय, उद्या सकाळी पुन्हा काढू. शिंपी घरी गेले. ती सकाळ त्यांना मिळाली नाही.

चौकशीत ठरलं, ताईंनी चकत्या नीट चिकटवल्या नाहीत. त्यांना रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. मी समोरच उभा होतो. तोवर चकत्या पुन्हा काळ्या करून ठेवल्या होत्या मी.

ताई त्या मागच्या रांगेत आहेत. अजूनही येता-जाता विचारतात, "काका, गोळी घेतलीत का?" कोणत्या तोंडाने उत्तर द्यायचं, सांगा?

अध्यक्ष महोदय, हे सगळं सही करून आणलंय. कागद आपल्यापुढे ठेवतो. ताईंवरचा ठपका काढा. उद्या मी शिंप्यांच्या घरी जाणार आहे.

आपण एवढ्या मायेने निरोप दिलात, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर तेवढं माफ करा, बाकीचं नको.

ताई, मान खाली घालू नका. नऊ वर्षं ती माझी खाली हवी होती.